शिंपल्याचं दार

खाडीच्या चिखलाला अजून माणसाचं पाऊल लागलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका खेकड्याला नव्या युक्त्यांचं भारी वेड होतं. त्याने बिळाला बोलक्या शिंपल्याचं दार बसवलं आणि बजावलं, "फक्त माझी नांगी ओळखून उघडायचं. बाकी कुणी कितीही गयावया केली तरी नाही."

शेजारच्या बिळात राहणारी निवटी, चिखलातली मासळी, म्हणाली, "मी आपली सरळ बिळात शिरते."

"म्हणूनच मागे राहिलीस," खेकडा म्हणाला.

पुढे खेकड्याला जुनं कवच घट्ट झालं. दाराबाहेर येऊन त्याने ते उतरवलं. आतलं नवं अंग लोण्यासारखं मऊ होतं, आणि बगळा चार पावलांवर उभा होता. खेकड्याने घाईघाईने नांगी दाराला टेकवली.

"ही नांगी ओळखीची नाही," शिंपला म्हणाला.

"अरे, मीच तुला इथे बसवलं."

"सगळे असंच म्हणतात. पुन्हा प्रयत्न करा."

तेवढ्यात भरतीची लाट आली. तिने रिकामं कवच उचललं आणि त्याची नांगी दारावर आपटली. दार लगेच उघडलं.

"या मालक," शिंपला अदबीने म्हणाला. त्याने कवच आत घेतलं आणि दार लावून टाकलं.

खेकडा बघतच राहिला. बगळासुद्धा क्षणभर थबकला, मग त्याने पाऊल उचललं.