आईची वाटणी

एका राज्यात राजा वारला, आणि तेराव्याच्या पंगती उठायच्या आत त्याचे दोघे जुळे पुत्र वाटणीला बसले. थोरला वीरकेतू, घटकाभराने धाकटा जयकेतू. दोघांनाही अर्धं हवं होतं, गुंजभरसुद्धा कमी नको. बापासाठी रडायचं राहिलं ते राहिलंच!

भैरुंड नावाच्या मांत्रिकाने त्यांना सोन्याची विळी दिली. म्हणाला, "हिच्यावर काहीही धरा, दोन सारखे भाग होतील. मात्र कापलेलं जोडायची विद्या मजपाशी नाही."

"जोडायचंय कुणाला?" दोघे एका सुरात म्हणाले. तेवढाच काय तो त्यांचा एकोपा.

आधी खजिना कापला. माणकं दुभंगली, आणि दुभंगलेल्या माणकांत लाली उरली नाही. मग नदीचं ओंजळभर पाणी पात्यावर धरलं. पात्रात मधोमध काचेची भिंत उभी राहिली, आणि नदी वाहायची थांबली.

तिसरी उरली त्यांची आई, राणी कनकलेखा.

"मेल्यांनो, मलाही कापणार?"

"सहा महिने माझ्याकडे, सहा याच्याकडे," वीरकेतू म्हणाला.

"आणि अधिक महिना आला तर तो कुणाचा?" जयकेतूने विचारलं.

असले हे राजपुत्र! अधिक महिन्यावरून बोलणं फिसकटलं, आणि त्यांनी आईचा पदर विळीवर धरला. रक्त आलं नाही. थोरल्याच्या महालात राणीचं मुकं शरीर राहिलं, धाकट्याच्या महालात नुसता आवाज.

पहिल्या दिवशी आवाजाने ओव्या म्हटल्या. जयकेतू खूश झाला. दुसऱ्या दिवशी आवाज म्हणाला, "तहान लागली रे." तिसऱ्या दिवशी तेवढंच म्हणत राहिला. जयकेतूने पेला हवेत धरला. हवेला तोंड कुठलं?

खिडकीत साळुंकी येऊन बसली.

"युवराज, तिकडे थोरले पाणी पाजतात, ते ओठांवरून ओघळतं. गिळायची शक्ती आवाजाबरोबर इकडे आली. राणी उद्याचा सूर्य पाहणार नाही."

जयकेतू अनवाणी धावला. वीरकेतू दारात आडवा उभा राहिला.

"माझा अर्धा भाग मागायला आलास?"

"नाही, दादा. माझाही तू घे. अख्खी आई तुझी. मला तिचा एक शब्दही नको. तिला पाणी मिळू दे."

आईची वाटणीच उरली नाही, तशी विळी वितळली. आवाज शरीरात शिरला. दूरवर भिंत फुटून नदी वाहू लागली. राणी घोटभर पाणी प्यायली. दोन्ही लेकांच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "किती वाळलात रे!" आणि तिचे डोळे मिटले. विळीची जादू सुटली होती, पण फार उशिरा.

आईला अग्नी धाकट्याने द्यायचा. घाटावर दरबारी कुजबुजले, जुळे आहेत, थोरला यातही वाटा मागेल. वीरकेतूने पलिता उचलला, भावाच्या हाती दिला आणि मागे जाऊन रयतेत उभा राहिला.

राज्य पुन्हा एक झालं. शेतं भिजली, माणकांना रंग आला. गादीवर कोण बसलं, हे मात्र विचारू नका. "तू बस," "नाही, तू बस," करत दोघे दोन बाजूंना जमिनीवर बसत, आणि गादी वर्षभर मधे मोकळी पडून होती.