पानमळ्याशेजारची जागा

फार जुनी गोष्ट नाही, पण तेव्हा लुगडं रंगवायचं तर रंगाऱ्याकडेच जावं लागायचं. ओढ्याकाठच्या एका गावात असाच एक रंगारी होता. कामाला चोख, डोक्याने तापट. हळद, पळसाची फुलं, डाळिंबाच्या साली उकळून तो असे रंग काढायचा की चार गावच्या बायका त्याच्याकडे यायच्या आणि त्याची बोलणीही निमूट ऐकून घ्यायच्या.

त्याच्या कामाची जागा मात्र भाड्याची होती. मालक होता शेजारचा पानमळेवाला. करार दहा वर्षांचा, त्यातली तीन अजून उरलेली, आणि त्यात एक अट होती: जागा दुसऱ्या कुणाला द्यायची तर आधी मालकाला विचारायचं. ती अट आठवली की रंगाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

एक दिवस परगावाहून लेकीचा निरोप आला. तिला सातवा महिना लागला होता. नवरा सदा फिरतीवर, सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे माहेरी यायची सोय नव्हती. 'आई, बाबा, तुम्हीच इकडे या आणि इथेच राहा,' असं तिने कळवलं होतं. रंगाऱ्याचा जीव कासावीस झाला. पण करार गळ्यात, जागा घेणारं कुणी मिळाल्याशिवाय निघणार कसं?

तेवढ्यात एक चुनेवाला आला. चुनखडी भाजून चुना करायचा आणि विकायचा, हा त्याचा धंदा. तो म्हणाला, "जागाही घेतो, तुमच्या कढयाही घेतो. उद्या किल्ली द्या म्हणजे झालं."

रंगारी हरखून गेला. बायको म्हणाली, "अहो, आधी मालकांना विचारा."

"त्यात काय विचारायचंय? माझं पाणी लाल-पिवळं, तरी मळ्याला कधी काही झालं नाही. याचं तर पांढरंशुभ्र. त्यांना नुसता मोठेपणा हवाय."

"असू दे. पण आपण शब्द दिलाय ना?"

रंगारी पुटपुटत मळ्यात गेला.

मालक वेली बांधत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्याचं पाणी कुठे जाणार?"

"माझं जातं तिथेच. तुमच्या पाटात."

मालकाने हातातली दोरी खाली ठेवली. "दादा, तुमचं पाणी फुलांचं नि सालींचं. वेलींना त्याचा त्रास नाही. चुन्याचं पाणी मुळाशी गेलं तर महिन्याभरात मळा जळून जाईल. पानाला चुना लागतो, पण तो विड्यात. माझं सगळं घर या वेलींवर चालतं."

रंगारी ओशाळला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तुमचं नाहीच. आता लेकीकडे जायचं कसं?"

'ते तुमचं तुम्ही बघा' असं म्हणायला मालकाचं काही जात नव्हतं. पुष्कळ जण तेच म्हणतात. पण तो म्हणाला, "मी चुनेवाल्याला नाही म्हटलं, तुम्हाला नाही. चला, दोघं मिळून कुणीतरी शोधू."

चुनेवाल्याला त्याने ओढ्यापासून लांब, माळावरची एक पडीक जागा दाखवून दिली. आणि आठ दिवसांत गोधड्या शिवणाऱ्या दोन बहिणी सापडल्या.

"पाणी किती लागेल?" मालकाने विचारलं.

"प्यायला लागेल तेवढंच," थोरली म्हणाली. "आणि हिच्या चहाला. तो मात्र दिवसभर चालतो."

मालक हसला आणि त्याने होकार दिला. रंगाऱ्याच्या कढयाही त्यानेच घेतल्या, पानं धुवायला.

गाडीत सामान चढवताना रंगारी म्हणाला, "मालक, इतकी वर्षं मला वाटायचं, ती अट म्हणजे तुमचा नुसता रुबाब."

"रुबाबच करायचा असता तर नाही म्हणून मी घरी गेलो असतो," मालक म्हणाला. "तुम्ही विचारलंत, मग मलाही तुमची अडचण ऐकावी लागली ना."

रंगारी वेळेत पोचला. दोन महिन्यांनी नात झाली, चांगली ठणठणीत. तिचं पहिलं दुपटं आजोबांनी स्वतः हळदीत रंगवलं आणि वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: दुसऱ्याची जागा परस्पर कुणाला देऊ नये, आणि होकार ज्याच्या हातात आहे त्याने नकार देताना कारण सांगावं, अडलेल्याला वाटही दाखवावी.