शेवटच्या खणातली माणसं

"आणि जे जोडलेच गेले नाहीत, ते कुठे आहेत?"

प्रणोतीनं पडद्याकडे पाहिलं. मग सरांकडे.

"ते यात नाहीत, सर."

"हं."

"म्हणजे... ते यात असायचं कारणच नाही ना. जोडायला किती वेळ लागला, ते आपण मोजतोय. फोन जोडलाच गेला नाही, तर वेळ कुठला?"

इनामदार सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पडद्यावरचा तोच हिस्टोग्राम, म्हणजे खांबांचा आलेख, बघत बसले.

नाशिकच्या त्या कंपनीचं सॉफ्टवेअर खेड्यापाड्यांतल्या माणसांना फोनवरून डॉक्टरशी जोडून द्यायचं. बटण दाबायचं, थोडं थांबायचं, की पडद्यावर डॉक्टर दिसायचे. वापरणाऱ्याला एवढंच दिसे. आत मात्र कोडचा अवाढव्य पसारा होता. काही भाग असे, की ते कुणी आणि का लिहिले हे आता कुणालाच नीट सांगता येत नसे.

त्या पसाऱ्यात जागोजागी मोजण्या होत्या. कुठलं बटण किती वेळा दाबलं जातं, कुठलं पान उघडायला किती वेळ लागतो. नवी मोजणी घालायची किंवा जुनी वरच्या अहवालात न्यायची, तर हमीद इनामदारांची संमती लागे. ते तिथले सगळ्यांत जुने. बोलणं कमी. नवी मोजणी घेऊन कुणी आलं, की ते विचारत, "खांब उंच निघाला तर काय करशील?" मग विचारत, "आणि बुटका निघाला तर?" दोन्हींना एकच उत्तर आलं, की म्हणत, "मग मोजतोस कशाला?" आणि कागद परत करत.

प्रणोती चौगुले गडहिंग्लजची. कॉलेजात पहिली आलेली, मग बंगळुरूच्या मोठ्या कंपनीत नाव काढून इथे आलेली. आल्या आल्या तिनं फोन जोडण्याचा भाग हातात घेतला आणि तो इतका चपळ केला, की लोक तिच्या टेबलापाशी येऊन पाठ थोपटून गेले.

हा हिस्टोग्राम म्हणजे त्या कामाची पावती होती. आडव्या रेषेवर सेकंदांचे खण. ज्याला जेवढा वेळ लागला, त्याचा एक ठोकळा त्या खणात पडायचा. नाव नाही, गाव नाही, नुसता ठोकळा. सगळे ठोकळे डावीकडे, पहिल्या थोड्या खणांत दाटीवाटीनं उभे होते. उजवीकडे जवळजवळ काहीच नव्हतं. शेवटचा खण रिकामा.

"सुबक आहे," सर म्हणाले.

"थँक यू, सर."

"म्हणून भीती वाटते."

प्रणोतीच्या कपाळाला आठी पडली.

"चूक दाखवा ना, सर. मी प्रत्येक ओळ तपासलीय."

"चूक नाहीये."

"मग सही करा."

सर उठले.

"फोन घे तुझा," ते म्हणाले. "खाली जाऊन येऊ."

इमारतीच्या तळघरात पार्किंग होतं. पाण्याच्या टाकीमागे, भिंतीच्या कोपऱ्यात रेंज येत नसे. आली, तरी क्षणभर येई आणि जाई. सर तिथे जाऊन उभे राहिले.

"लाव डॉक्टरला."

"इथून?"

"इथून."

चाचणीसाठी ऑफिसात एक खोटा डॉक्टर ठेवलेला होता. त्याला केलेले फोनही त्याच कोडमधून जात आणि तशाच एका वेगळ्या हिस्टोग्रामात मोजले जात. प्रणोतीनं बटण दाबलं.

'जोडत आहे...' पडद्यावर गोल फिरत राहिला. मग फोन तुटला.

"पुन्हा लाव."

तिनं लावला. गोल फिरला. क्षणभर डॉक्टरच्या जागी करडा चौकोन आला आणि पडदा पहिल्या पानावर गेला.

"पुन्हा."

"सर, इथे लागणार नाही."

"लाव तरी."

तिनं लावला. मग आपणहून आणखी एकदा लावला. हात उंच करून, भिंतीपासून दूर सरकून, टाकीच्या कठड्यावर चढून बघितलं. मग फोन खाली घेतला.

"आणखी किती वेळा लावशील?" सरांनी विचारलं.

"नाही लावणार."

"का?"

प्रणोतीनं फोन खिशात टाकला.

"वाटतं... हे आपल्यासाठी नाहीच."

सरांनी मान हलवली आणि जिन्याकडे वळले.

वर आल्यावर त्यांनी तिच्याच खुर्चीकडे बोट केलं. तिनं चाचणीचा हिस्टोग्राम उघडला. सकाळी होता तसाच होता. तिनं तो पुन्हा मागवला. आकडे ताजे होते, पण एकही ठोकळा वाढलेला नव्हता. तिनं पहिला खण पाहिला, दुसरा पाहिला, अगदी शेवटचासुद्धा पाहिला.

"मी इतक्यांदा फोन लावला..."

"कुठे?"

"खाली. तुमच्यासमोर."

"याला विचार."

प्रणोती पडद्याकडे बघत राहिली. मोजणीची ओळ तिनं स्वतःच लिहिली होती. फोन जोडला गेला, की त्याच्या पुढच्या ओळीत. जो तिथवर पोचला, तोच मोजला जाणार...

"सर," ती हळूच म्हणाली, "मी यात नाही."

सरांनी घड्याळ पाहिलं. दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. ते निघून गेले.

त्या दिवशी सही झाली नाही. आणि प्रणोतीनं ती मागितलीही नाही.

तिनं दुसरी मोजणी घातली. बटण दाबलं, की एक ठोकळा. फोन जोडला गेला, की एक ठोकळा. एवढंच. ही मोजणी घेऊन ती सरांकडे गेली, तेव्हा त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारण्याआधीच ती म्हणाली, "दोन खांब सारखे निघाले, तर मी आधीच्या हिस्टोग्रामवर तुमची सही घेईन. सारखे नाही निघाले, तर आत्तापर्यंतचं काम पुन्हा करीन."

सरांनी लगेच संमती दिली.

खांब सारखे निघाले नाहीत. बटण दाबणाऱ्यांतल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला डॉक्टर भेटतच नव्हते. ती बराच वेळ बुटक्या खांबाच्या वरच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिली. तिथे काहीच काढलेलं नव्हतं, पण माणसं तिथेच होती.

मग ती कामाला लागली. तिच्या चपळपणाचं गुपित हेच होतं, की जिथे रेंज कमी तिथे तिचा कोड लगेच हात वर करायचा. आता तिनं त्याला तग धरायला शिकवलं. चित्र जात नसेल, तर नुसता आवाज जाऊ दे. आवाज तुटला, तर फोन न सोडता पुन्हा धर. आणि त्या फिरत्या गोलाखाली एक ओळ घाल: 'थांबा, प्रयत्न चालू आहे.' पसाऱ्यातल्या कुठल्या कुठल्या जुन्या कोपऱ्यांत तिला हात घालावा लागला. दोनदा सगळं मोडलं, दोनदा तिनं ते जोडलं. शेवटी नवा कोड लोकांच्या फोनांवर गेला.

आठवडाभरानं मॅनेजर रणदिवे तिच्या टेबलापाशी आले. पाठ थोपटायला नव्हे.

"चौगुले, काय करून ठेवलंस?"

"काय झालं?"

"जोडायला लागणाऱ्या वेळेची सरासरी दुपटीवर गेली. दुपटीवर! वरून विचारणा आलीय. संध्याकाळपर्यंत जुना कोड परत लाव."

रणदिवे वाईट माणूस नव्हते. पण त्यांना वरती दर आठवड्याला एक आकडा सांगावा लागे आणि तो आकडा बिघडला होता.

प्रणोतीनं हिस्टोग्राम उघडला. डावीकडची दाटी होतीच, पण आता उजवीकडे एक लांबलचक शेपटी आली होती. कुणाला अर्धं मिनिट, कुणाला कित्येक मिनिटं. आणि जो शेवटचा खण कायम रिकामा असायचा, तो भरला होता.

ती सरांकडे गेली. उभीच राहिली.

"सर, मी बिघडवलं."

"काय?"

"सगळं. बघा ना किती कुरूप झालंय."

सरांनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"जुना आहे का?"

"आहे."

"दोन्ही छापून आण. दिवस तेवढेच घे. माप एकच ठेव."

तिनं दोन कागद आणले आणि सरांच्या टेबलावर एकाशेजारी एक ठेवले. जुना डौलदार, नवा लांबुडका.

सरांनी मान हलवली.

"शेजारी नको."

"मग?"

सर खिडकीतून बाहेर पाहू लागले. बाहेर लख्ख ऊन होतं.

प्रणोतीला आधी कळलं नाही. मग तिनं दोन्ही कागद उचलले, एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि खिडकीच्या काचेवर दाबून धरले. उजेड कागदांतून आरपार आला.

डावीकडचे खांब एकमेकांवर बसले. पहिल्या खणावर पहिला, दुसऱ्यावर दुसरा. केसभर इकडे तिकडे, बाकी तेच. कुठलाच खांब खचला नव्हता.

"हे कमी झालेच नाहीत..." ती म्हणाली.

सर ऐकत होते.

"ज्यांना लवकर लागत होता, त्यांना अजूनही लवकरच लागतोय. कुणाचाच उशीर वाढला नाही. मग ही शेपटी..." तिचा हात काचेवर तसाच राहिला. "सर, ही शेपटी आधी कुठे होती?"

"तूच गेली होतीस ना तिथे, टाकीमागे," सर म्हणाले.

ती कागद घेऊन पळतच रणदिव्यांच्या खोलीत गेली. तिथेही तिनं ते खिडकीला लावले.

रणदिवे बराच वेळ बघत राहिले. ते हुशार होते, त्यांना कळलं. पण कळूनही ते म्हणाले, "मी वर एक आकडा सांगतो, चौगुले. चित्र नाही सांगत."

"यावेळी चित्र न्या."

"आणि हे नवे लोक खरेच आहेत कशावरून? उगाच लटकलेले फोन असतील. पलीकडे कुणी नसेलही."

ही शंका रास्त होती. ठोकळ्यावर नाव नव्हतं, आणि असायलाही नको होतं.

"पलीकडे डॉक्टर असतात," प्रणोती म्हणाली. "त्यांना विचारू."

रणदिव्यांनी डॉक्टर वळवींना फोन लावला. सातपुड्याच्या बाजूचे बरेच फोन त्याच घेत. रणदिव्यांनी स्पीकर चालू केला आणि आठवड्याभरात काही वेगळं वाटलं का, एवढंच विचारलं.

"वेगळं? मला जेवायला फुरसत नाही," डॉक्टर वळवी म्हणाल्या. "कुठून कुठून फोन येतायत. चेहरा दिसत नाही, पण आवाज येतो. तुटत तुटत येतो, पण येतो. काल एक आजोबा मिनिटभर नुसतं 'आहे का कुणी? आहे का कुणी?' करत होते. मी म्हटलं, आहे, बाबा, बोला. तर त्यांना खरंच वाटेना. म्हणाले, आजवर तर कधी कुणी नसायचं."

रणदिव्यांची नजर खिडकीवरच्या कागदांवर गेली.

"हॅलो?" डॉक्टर म्हणाल्या. "काही बिघडलंय का? बंद नका करू हं हे."

"नाही, नाही," रणदिवे म्हणाले. "काही बिघडलं नाही."

त्यांनी फोन ठेवला. दोन्ही कागद खिडकीवरून काढले, नीट जुळवले आणि आपल्या फाइलीत घातले.

"जुना कोड परत नको लावू," ते म्हणाले. "वर मी बोलतो."

त्यांना तो आठवडा जड गेला. एकाच्या जागी दहा प्रश्न आले. पण नवा कोड राहिला.

पुढे काही दिवसांनी प्रणोती पुन्हा सरांच्या टेबलापाशी आली. ताजा हिस्टोग्राम तिच्या हातात होता. बटण दाबणारे आणि जोडले जाणारे, या दोन खांबांत मात्र अजून थोडं अंतर उरलं होतं. यावेळी ती सही मागायला आली नव्हती, आणि उभीही राहिली नाही. खुर्ची ओढून बसली. तिच्या डोळ्यांत जुनी चमक होती, पण त्या चमकेचा रोख आता वेगळा होता.

"सर, हे शेवटच्या खणातले लोक बघा. यांनी इतकं ताटकळायचं म्हणजे काय? मी उपाय शोधलाय. आवाज आणखी हलका करता येतो. मला एक महिना द्या, ही शेपटी निम्म्यानं आखडून दाखवते."

सरांनी कागद हातात घेतला. डावीकडून उजवीकडे सावकाश बोट फिरवत नेलं. शेवटच्या खणावर ते थांबलं... मग त्याच्याही पुढे, कागदाच्या कोऱ्या कडेपर्यंत गेलं.

"आखड," ते म्हणाले. "पण आधी तिला आणखी वाढू दे."