सेमी परी आणि दुभंगलेली गारगोटी

मुलांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे लिहिताना वेलांट्या चुकतात आणि शब्दही साधेच सुचतात. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. ही गोष्ट मला कौतिकाने सांगितली. ती ऐकताना मी दोनतीनदा म्हणालो, "खोटं बोलतेस." ती म्हणाली, "मलाही आधी तसंच वाटलं होतं."

लेण्यांच्या डोंगराखाली, जिथे एसटी थांबते, तिथे रंगीत खडे विकणाऱ्यांची एक ओळ आहे. जांभळे, मोरपिशी, दुधी, मधाच्या रंगाचे खडे उन्हात लुकलुकत असतात. त्या ओळीत कौतिकाच्या आईचा, मथुराबाईचा, खडे मांडायचा एक पाट होता. कौतिकाला वडील नव्हते. खडे घासून घासून मथुराबाईच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरट पडदा आला होता. कौतिका शेजारी बसून तिला रंग सांगायची.

"आई, हा जांभळा. हा पिवळा."

"आणि तुझा फ्रॉक गं?"

"निळा. एकदम नवा दिसतोय."

फ्रॉक कधीकाळी निळा होता, एवढं खरं.

समोरच्या बाजूला धुरपदामावशी बसायची. ती खड्यांत काच मिसळते, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. कौतिका तर सगळ्यांत जोरात. मथुराबाईच्या पाटीवर मी वर 'सेमीप्रेशस खडे' असं लिहिलं होतं आणि खाली लाल रंगात 'इथे काच मिळत नाही'. तो टोमणा कुणाला होता, हे सगळ्या ओळीला ठाऊक होतं.

एकदा बाईंनी कौतिकाच्या वर्गाला अभ्यास दिला, पुढे 'सेमी' लागणारे दहा इंग्रजी शब्द लिहून आणा. ती वही घेऊन माझ्याकडे आली.

"सुपडूदादा, सेमी म्हणजे काय?"

"अर्धं. त्या एसटीवर निमआराम लिहिलंय ना, त्यातलं निम म्हणजे तेच."

"म्हणजे सेमीप्रेशस म्हणजे अर्धंच मोल? मग उरलेलं अर्धं कुणी घेतलं?"

कौतिकाचं असंच होतं. काही अर्धं दिसलं, की उरलेलं कुणी लांबवलं असेल, हे ती आधी शोधायची. तिने सेमीसर्कल आणि सेमीफायनलही लिहिलं. एवढे तीनच शब्द झाले. पुढे वही कोरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खडे वेचायला सीताफळीच्या बनात गेली. ऊन रणरणत होतं. बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. तेवढ्यात पायाशी कुणीतरी मुसमुसलं. बघते तर एक ओबडधोबड, मातकट गारगोटी! उन्हाने इतकी तापलेली, की हात लावला तर चटका बसावा. आतून इवलासा आवाज येत होता, "भाजतंय गं, भाजतंय!"

तिला स्वतःलाही तहान लागली होती. पण तिने बाटली गारगोटीवर उपडी केली.

चर्रर्र! गारगोटी मधोमध दुभंगली. एक भाग घरंगळत उतारावरून दिसेनासा झाला. दुसऱ्या भागात जांभळ्या स्फटिकांची चिमुकली गुहा होती, लखलख लखलख करणारी. त्या गुहेत बोटाएवढी परी बसली होती. तिचा झगा डाळिंबी होता, पण एकाच खांद्यावरचा. तिचा पंख चांदीच्या वर्खासारखा होता, पण एकच.

"तुझा दुसरा पंख कुठंय?" कौतिकाने लगेच विचारलं.

"दुसऱ्या भागात राहिला. मी सेमी परी. आम्ही तिघी बहिणी, सेमी, हेमी आणि डेमी. इंग्रजी शब्दांच्या पुढे उभं राहायचं, हे आमचं काम. मी सर्कलपुढे उभी राहिले, की अर्धंच वर्तुळ उरतं. हेमी स्फिअरपुढे उभी राहते, की पृथ्वीचा अर्धा गोल होतो. डेमी गॉडपुढे उभी राहून त्याला अर्धा देव करते." परीने आपला पिटुकला पंख झटकला. "तू मला पाणी दिलंस. आता तीन इच्छा माग. पण अट आहे. मी देते ते अर्धंच मिळतं. उरलेलं अर्धं दुसऱ्या कुणाकडे जातं."

"कुणाकडे?"

"ते मी सांगायचं नसतं."

कौतिकाने डोळे बारीक केले. "म्हणजे तूच ठेवतेस."

"बाई गं, एवढ्याशा झग्यात कुठे ठेवू?" परी म्हणाली.

कौतिकाच्या मनात एकच इच्छा होती. आईला दिसावं. पण अशा अर्धवट परीच्या हाती आईचे डोळे द्यायचे कसे? आधी हिला तपासून घ्यावं, असं तिने ठरवलं.

"मला एक गरमगरम भाकरी दे."

टप्! पानावर अर्धी भाकरी पडली, वाफाळणारी, बरोब्बर मधोमध मोडलेली.

"आता चपला दे. लाल, चमचमत्या."

एक चप्पल आली. डाव्या पायाची.

"बघ! दुसरी चोरलीस ना?"

"एकच इच्छा उरली," परी हळूच म्हणाली. "नीट विचार कर."

कौतिकाने भाकरी आईसाठी फडक्यात बांधली, परीसकट गारगोटी ओच्यात घेतली आणि चप्पल हातात धरून ती परत आली. येताना तिची नजर धुरपदामावशीच्या पाटाकडे गेली आणि ती थबकलीच. तिथे खड्यांच्या मधोमध गारगोटीचा दुसरा भाग होता. त्याच्या शेजारी अर्धी भाकरी आणि लाल चमचमती चप्पल, उजव्या पायाची!

"चोर!" कौतिका ओरडली. "तू आणि परी मिळालेल्या आहात!"

"कोण परी? कुठली परी?" धुरपदामावशी कडाडली. "मी इथे मघापासून घाबरून बसलेय. आधी हा गोटा घरंगळत आला, मग मांडीवर भाकरी पडली, मग ही चप्पल. म्हटलं, कुणी करणी केली की काय माझ्यावर? अन् तूच होय गं ती?"

"मग भाकरी खाल्ली का नाहीस?"

"कुणाची ती कळल्याशिवाय कशी खाऊ? अन् एका चपलेचं मी काय करू, लंगडी खेळू?" असं म्हणून तिने चप्पल पुढे केली. पण कौतिका उजवीकडे उभी होती आणि मावशीचा हात गेला डावीकडे, रिकाम्या हवेत.

कौतिकाने पाटावरचा एक खडा उचलून मावशीच्या तळहातावर ठेवला. "हा काय आहे गं, मावशी?"

मावशीने तो गालाला लावला. "खडा असेल तर गार लागतो, काच असेल तर कोमट. पण दुपारी सगळंच तापतं. मग गालालाही कळत नाही. माल देणारा काय देतो, देव जाणे." आणि मग अगदी हळू ती म्हणाली, "कुणाला सांगू नको हं. मला दिसत नाही हे त्याला कळलं, तर तो काचाच आणून देईल."

ती काच होती.

कौतिका सीताफळीच्या बनात पळाली आणि तिने परीला बाहेर काढलं.

"उरलेलं अर्धं तिच्याकडे का जातं? खरं सांग!"

"तू स्वतः शोधलंस, म्हणून आता सांगते. ज्या माणसावर तू सगळ्यांत जास्त संशय घेतेस, त्याच्याकडे ते जातं."

"म्हणजे मी आईची नजर मागितली, तर..."

"तुझ्या आईला एक डोळा, धुरपदाला एक डोळा." परीने मान खाली घातली. "आईला दोन्ही हवे असतील तर एक वाट आहे. धुरपदाकडचा गारगोटीचा भाग फोडून टाक. मग उरलेल्या अर्ध्याला जायला जागाच राहणार नाही. सगळं तुला मिळेल. मी मात्र कायमची एका पंखाची राहीन."

कौतिकाने एक जड दगड उचलला. आईच्या दोन्ही डोळ्यांसाठी तिने काय केलं नसतं! दगड पाठीमागे लपवून ती धुरपदामावशीसमोर जाऊन उभी राहिली.

मावशीने पावलं ओळखली. "आलीस? तुझं तुला घे गं बाई, मला दुसऱ्याचं काही नको." तिने चप्पल, भाकरी आणि गारगोटी, तिन्ही पुढे सरकवल्या. "हा गोटा फार छान लागतो हाताला. रंग कसा आहे गं?"

"जांभळा," कौतिका म्हणाली. आईला सांगायची तस्सं. "कडेला पांढरा. मधे चांदण्यांसारखे बारीक कण आहेत."

आणि तिने हातातला दगड मागेच सोडून दिला.

मग ती मावशीचा हात धरून तिला रस्त्यापलीकडे आईजवळ घेऊन आली. दोघी वर्षानुवर्षे समोरासमोर बसत होत्या, पण शेजारी कधी बसल्या नव्हत्या.

"कोण आहे गं?" मथुराबाईने संशयाने विचारलं.

"मी. धुरपदा."

"इकडे कशाला आलीस?"

"तुझी पोर ओढून घेऊन आली. विचार तिलाच."

कौतिकाने गारगोटीचा एक भाग आईच्या हातात दिला, दुसरा मावशीच्या. "परी, माझी तिसरी इच्छा. आईला दिसू दे. अर्धं धुरपदामावशीकडे जाणार, ते मला माहीत आहे. जाऊ दे."

दोघींनी हात जवळ आणले. टिच्! फटीला फट तंतोतंत जुळली. आतून आधी गुलाबी, मग सोनेरी, मग शुभ्र प्रकाश फुटला. पाटावरचे सगळे खडे एकदम उजळले. त्या झगमगाटातून परी वर उडाली, दोन्ही खांद्यांवर झगा, दोन्ही खांद्यांना पंख!

"आता मी अर्धी नाही!" ती हसली. "कौतिका, वही बघ हं." आणि सूर्याकडे बघावं तसं डोळ्यांपुढे सगळं पांढरं होऊन गेलं. प्रकाश विरला तेव्हा परी नव्हती. मथुराबाईच्या हातात एक साधी, मातकट, अख्खी गारगोटी होती. तिच्यावर चीरसुद्धा नव्हती.

मथुराबाईचा उजवा डोळा लख्ख झाला होता. तिने लेकीकडे पाहिलं, मग तिच्या फ्रॉककडे.

"हा निळा होय गं, लबाडे?"

धुरपदामावशीला डाव्या डोळ्याने दिसत होतं. ती आधी रस्ता ओलांडून आपल्या पाटापाशी गेली आणि एकेक काच उचलून टोपलीत टाकायला लागली. मग वर पाहून तिने विचारलं, "मथुरा, तुझ्या पाटीवर खाली लाल रंगात काय लिहिलंय गं? मला वाचता येत नाही. दरवर्षी ताज्या रंगाचा वास येतो, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असेल."

मथुराबाई खाली मान घालून खडे आवरायला लागली.

वहीत दहाच्या दहा शब्द उमटले होते, जांभळ्या शाईत. बाईंनी शाबासकी दिली, पण अक्षर कुणाचं, असंही विचारलं. ती वही मी पाहिली. तेवढं जांभळं माझ्याकडच्या एकाही डब्यात नाही. म्हणून मला ही गोष्ट खरी वाटते.

कौतिकाने हे सगळं मला सांगितलं ती संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली एसटी यायच्या आत, मी रॉकेल आणि चिंधी घेऊन गेलो आणि मथुराबाईच्या पाटीवरची खालची ओळ पुसायला लागलो. लाल रंग लवकर निघत नाही. धुरपदामावशी आली तेव्हा अर्धी ओळ उरली होती. "काय करतोस रे सुपडू?" तिने विचारलं. मी तिला ती ओळ वाचून दाखवली आणि कुणी लिहिली तेही सांगितलं. तिने पदराचं टोक रॉकेलमध्ये बुडवलं आणि दुसऱ्या बाजूने पुसायला घेतलं.