ठकूबाईचा खडक

गाव मागं टाकून ओढ्याच्या काठानं उत्तरेला चालत आलं की हा खडक लागतो. पाव्हणं, चपला काढायची गरज नाही, हे देऊळ नाही. काळा पाषाण आहे, वर चार बैल उभे राहतील एवढी सपाटी आहे, आणि मधोमध हा परातीएवढा खोलगट भाग. हात फिरवून बघा, गुळगुळीत लागेल. पाण्यानं झिजलेला नाही तो. ओढा इतका वर कधी चढत नाही. याला ठकूबाईचा खडक म्हणतात. मी माझ्या चुलत्याकडून ऐकलं, त्यानं त्याच्या आजीकडून. किती पिढ्या झाल्या ते नेमकं कोणाला सांगता येत नाही.

ठकूबाई ही पुकळे धनगरांची सून. घरात तिचा नवरा धुळाजी, सासरा मायाप्पा आणि साठेक मेंढरं. मूलबाळ अजून नव्हतं. त्या वर्षी आभाळ दोनदा भरून आलं आणि दोन्ही वेळा रिकामंच पुढं गेलं, असं सांगतात. माळावर गवत उगवलंच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि उभीच्या उभी वाळली, त्यामुळं कडबाही नाही. शिवारात तग धरला तो एकट्या करडईनं, कारण तिचं मूळ खोल जातं.

पौषात धुळाजी चारा शोधायला दक्षिणेला निघाला. "पंधरा दिवसांत येतो," म्हणाला. महिना उलटला तरी त्याचा पत्ता नव्हता. मागं राहिली ठकूबाई, आणि डोळ्यांनी अधू झालेला म्हातारा. बहुतेक मेंढ्या गाभण होत्या. बाभळीच्या शेंगा संपल्या, बोरीचा पाला संपला. मग मेंढ्या एकमेकींच्या अंगावरची लोकर ओढून चघळायला लागल्या. मेंढरू लोकर खायला लागलं की त्याचे दिवस भरत आले, हे धनगराला सांगावं लागत नाही. रोज उजाडलं की ठकूबाई मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या वाघरीजवळ जायची आणि आत बघायच्या आधी जरा वेळ पाठ करून उभी राहायची म्हणे. आज किती उठणार नाहीत, हे बघायला तिचं मन धजत नसायचं. ज्या उठायच्या नाहीत त्यांना ती पोटाखाली हात घालून उभं करायची.

माघ सरत आला तशी करडई निघाली. खळ्यावर झोडपून दाणे काढले की मागं राहतं ते नुसतं काटेरी भुसकट. बैल त्याला तोंड लावत नाही, वाऱ्यानं रानात पसरलं तर माणसाच्या नि जनावराच्या पायात मोडतं. म्हणून लोक ते खळ्यावरच पेटवून देत. ठकूबाईनं एका सकाळी तो धूर बघितला. एवढ्या उपाशी मुलखात काहीतरी जळतंय, हे तिला बघवलं नाही. ती तडक कुशाबाच्या खळ्यावर गेली. सगळ्यात मोठं करडईचं रान त्याचंच होतं.

"दादा, जाळू नका. मला द्या," ती म्हणाली.

"काय करणार त्याचं?"

"मेंढरांना घालीन."

कुशाबानं तिच्याकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "काटा आतड्यात रुतला तर मेंढरू तडफडून मरतं बाई. ते पाप माझ्या खळ्यावर येईल."

"न खाता मरतील, ते कुणाच्या खळ्यावर येईल?"

त्यानं एक पाटी भरून दिली.

पण ती घाई करून बसली. घरी येऊन तिनं भुसकट हातानं चुरलं आणि जी पहिली तोंड लावील तिच्यापुढं टाकलं. एक तांबडी मेंढी पुढं आली. इतक्या दिवसांची भुकेली. ओठातून रक्त आलं तरी खात राहिली, पाटी संपेपर्यंत. ठकूबाईला आनंद झाला होता, असं सांगतात. दुपारी तांबडीचं पोट दगडासारखं झालं. तिनं चारही पाय ताणले, आणि दिवस मावळायच्या आत ती गेली.

मायाप्पानं मेलेल्या मेंढीच्या पोटावरून हात फिरवला. मग म्हणाला, "पोरी, काट्यानं नाही मेली ही. उपाशी पोटाला एकदम भरलंस तू."

"मामा, मला कळलं नाही."

"कुणालाच कळत नाही पहिल्यांदा. उद्या पहाटं जा. करडई दवात काढत्यात ना, कशापायी? काटा तवा मऊ असतो. दवातलं भुसकट घे, खडकावर बडव. पार पीठ नको, नि काटाही नको. आन् ओंजळभर घाल. ओंजळीच्या वर नाही."

इकडं कुशाबाला तांबडी मेल्याची बातमी लागली होती. त्यानं सांगून पाठवलं की उद्या दिवस मावळताना उरलेलं सगळं पेटवणार. आणखी जीव त्याला नको होते. ठकूबाईच्या हातात एकच दिवस राहिला.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूला ती कुशाबाच्या खळ्यावरून दवातल्या भुसकटाचे भारे घेऊन या खडकावर आली. लाकडी मोगरीनं बडवायचं, हातानं चाचपायचं, काटा लागला की पुन्हा बडवायचं. चाचपल्याशिवाय कळत नव्हतं, त्यामुळं तिचे तळवे सोलून निघाले. ऊन वर आलं तेव्हा कुठं ओंजळभर चारा तयार झाला.

आता तो घालायचा कुणाला? कळप नवऱ्याचा होता. तो परत आला तर त्याला काय सांगायचं, ही धास्ती तिला तांबडी मेल्यापासून होती. तिची स्वतःची म्हणावी अशी एकच मेंढी होती, आईनं माहेराहून पाठवलेली. चांदी तिचं नाव, कपाळावर पांढरा ठिपका, आणि पोटात पहिलं कोकरू. ठकूबाईनं चांदीला खडकावर आणलं.

मागोमाग खडकावर आलेला मायाप्पा म्हणाला, "दुसरी आण की. म्हातारी एखादी."

"दुसऱ्याचं घेऊन किती वेळा चुकू, मामा?"

चांदीनं ओंजळ खाल्ली आणि ती इथंच, या बाजूला बसली. मायाप्पानं सांगितलं, "रवंथ केली तर पोटानं घेतलं. नाही केली तर नाही घेतलं." ठकूबाई तिच्या समोर बसली. चांदीनं रवंथ करेपर्यंत पाण्याचा घोट घेणार नाही, असं ती बिरोबाचं नाव घेऊन बोलली. तो काही मोठा नवस नव्हता. तसंही ती तिथनं उठणारच नव्हती.

दुपार झाली, जबडा हलला नाही. कुशाबाची बायको सरूबाई ओढ्यावर आली होती, तिनं हे बघितलं. "बाई, दोन घास खाऊन घे, मी बसते," ती म्हणाली. ठकूबाईनं नको म्हणून मान हलवली. सरूबाई घरी गेली आणि पेटलेल्या चुलीतली लाकडं ओढून विझवली. कुशाबानं विचारलं तर म्हणाली, "ती तिथं उपाशी बसलीय. आपल्या खळ्यावरचं भुसकट हाय ते. मला भाकरी थापवत नाही." तिचं बघून शेजारणीनं चूल विझवली, तिचं बघून पलीकडचीनं. तिसऱ्या प्रहरी गावावर कुठंच धूर नव्हता. एकेक करून माणसं खडकाकडं आली आणि लांब बसली. कुशाबाही आला. त्याच्या हातात पेटवायची चूड होती, पण ती त्यानं पेटवली नव्हती.

चांदीचं पोट ठकूबाई मधून मधून चाचपत होती. घट्ट लागायचं, मग वाटायचं तेवढं घट्ट नाही, मग पुन्हा वाटायचं घट्टच आहे. आपल्या हाताला काही कळेनासं झालंय, असं ती सासऱ्याला म्हणाली. मायाप्पानं चांदीच्या घशावर बोटं ठेवली आणि ती तशीच राहू दिली.

सूर्य टेकडीला टेकला. मायाप्पा हळूच म्हणाला, "आला."

चांदीच्या घशातून खालून वर एक गोळा सरकला, आणि तिचा जबडा आडवा हलला. पुन्हा हलला. ठकूबाईनं तोंडावर पदर घेतला. कुशाबानं चूड ओढ्यात टाकली.

त्यानंतर गावातल्या बाया रोज पहाटे खडकावर बडवायला बसल्या. पहिले दिवस ओंजळ, मग दोन ओंजळी, तुरीचा भुसा मिळाला तर त्यात मिसळून. कळपातली चाळीसच्या वर मेंढरं मृगापर्यंत जगली. पाऊस आला तेव्हा ती कुशाबाच्या रानात बसवली, आणि त्या खतावर त्याची ज्वारी पुरुषभर उंच झाली म्हणे. धुळाजीचं दोन प्रकारे सांगतात. कोणी म्हणतं तो ज्येष्ठात रिकाम्या हातानं परतला आणि कळप मोजताना रडला. कोणी म्हणतं तो आलाच नाही. माझा चुलता आलाच नाही असं सांगायचा.

आजही करडई निघाली की आमच्या गावात भुसकटाला काडी लावत नाहीत. पहिला भारा पहाटे इथं आणतात, घरटी एक माणूस मोगरी धरतं, आणि एका गाभण मेंढीला ओंजळभर चारतात. ती रवंथ करेपर्यंत गावात चूल पेटत नाही. आता घरोघरी गॅस आहे, तोही पेटत नाही. दरवर्षी ती रवंथ करतेच, पण बसलेलं माणूस ते धरून चालत नाही. गेल्या साली दुपारचे दोन वाजले तरी तिनं रवंथ केली नव्हती, आणि बाया एकमेकींकडं बघत नव्हत्या.

आज सकाळी सहाला चारा घातलाय. ती बघा, त्या बाभळीखाली बसलीय, काळ्या तोंडाची. अजून जबडा हललेला नाही. तुम्हाला चहा विचारला नाही म्हणून राग मानू नका. बसा, पण जरा हळू बोला.