मधुमेह झालेलं वारूळ

फार पूर्वी उसाच्या मळ्यात मुंग्यांचं एक वारूळ होतं. जेवण आलं की म्हातारी गोदा मुंगी हाक द्यायची, "आलं गं जेवण!" मग घरोघरी साखर आत घेतली जायची आणि उपासमारीसाठी राखलेलं तिळाचं कोठार कोठारवाली बंद करायची.

पुढे रोजच साखरेचे ढीग येऊ लागले. तीच हाक ऐकून ऐकून मुंग्यांचे कान बधिर झाले. साखर गल्ल्यांतच साचली. हाक ऐकू येत नाही म्हणजे उपासमार, असं समजून कोठारवाली स्वयंपाकघरात तीळ धाडत सुटली.

सगुणा स्वयंपाकीण तेल काढून काढून थकली. वाटा तेलाने भरल्या, मुंग्या घसरून पडू लागल्या आणि सगळ्या तिच्यावरच खेकसल्या.

"अगं बायांनो, मी एक तरी तीळ मागितला होता का?" ती रडकुंडीला आली.

कोठारवालीला जाब विचारायला निघाली, तर वाटेत गोदा भेटली. तिचा घसा पार बसला होता. "हाक देतेच आहे गं मी," ती कशीबशी म्हणाली.

सगुणाचा राग तिथेच विरघळला. तिने गोदाला पाठीवर घेऊन कोठार गाठलं.

गोदा कोठारवालीच्या अगदी कानाशी लागली. "बाई, आपण उपाशी नाही गं."

कोठारवालीने पहिल्यांदाच खाली पाहिलं. ती गुडघाभर साखरेत उभी होती.