दोर सोडण्याची रीत

एकदा एका खाडीच्या मुखाशी, टेकडीवरच्या लहानशा कौलारू घरात एक वृद्ध गृहस्थ राहत असत. सोबतीला एक तरुण शिष्य होता. त्याखेरीज त्यांना कोणी नव्हते. गावातले लोक त्यांना अण्णा म्हणत. अण्णा प्रवचन करीत नसत. कोणी मन मोकळे करायला आले तर ऐकून घेत, एखादे वाक्य बोलत, आणि एरवी ओट्यावर बसून खाली बंदराकडे पाहत राहत.

त्या बंदरात कमळाकर नाखवांच्या घराण्याचे मोठे नाव होते. त्यांच्या आजोबांनी एका टगवर व्यवसाय सुरू केला. टग म्हणजे मोठ्या जहाजांना दोर लावून धक्क्यापर्यंत ओढून आणणारी लहान, पण जबरदस्त ताकदीची बोट. पुढे वडिलांनी त्याला समुद्रातल्या बांधकामाची जोड दिली. खाडीत खांब ठोकायचे, धक्के बांधायचे, लाटांनी ढासळलेले बंधारे पुन्हा उभे करायचे. त्या किनाऱ्यावर माणूस होडीतून उतरून ज्या धक्क्यावर पाय ठेवी, तो बहुधा नाखवांनीच बांधलेला असे.

पण कमळाकर आता सत्तरीला आले होते. धाकटे भाऊ मधुकर यांना हृदयाचा त्रास सुरू झाला होता. मुली शिकून दूरच्या शहरांत आपापल्या कामात सुखी होत्या. तेव्हा दोघा भावांनी पुष्कळ विचार करून व्यवसाय थांबवायचे ठरवले. आधी क्रेन गेली, खांब ठोकायची यंत्रे गेली. शेवटी आजीच्या नावाचा 'जानकी' टग आणि एक बार्ज, म्हणजे सामान वाहणारी सपाट बोट, एवढेच उरले. तेही दुसऱ्या बंदरातल्या एका भल्या माणसाने घेतले. ना भांडण, ना नुकसान. सारे रीतसर झाले.

एके सकाळी कमळाकरांच्या पत्नी सुलभाबाई टेकडी चढून अण्णांकडे आल्या. बराच वेळ त्या नुसत्या पदराने वारा घेत बसल्या.

"अण्णा, परवा जानकीला न्यायला माणसं येणार," अखेर त्या म्हणाल्या. "आणि ह्यांनी बंदरावर जाणंच सोडलंय. सौदा झाला तेव्हापासून घराबाहेर पाऊल नाही. खाडीकडची खिडकीसुद्धा लावून घेतात. भावजी रोज बोलवायला येतात, तर म्हणतात, 'माझं काम संपलं, मधू. आता मला कशाला ओढतोस तिकडे?'"

"खलाशी येत नाहीत भेटायला?"

"येत होते. पण हे झोपल्याचं सोंग घ्यायचे. मग तेही यायचे थांबले. काल अब्बास तांडेल बाजारात दिसले, तर मला बघून त्यांनी रस्ता बदलला. सगळा जन्म ज्यांनी आमची बोट चालवली, ते!" सुलभाबाईंचा आवाज बारीक झाला. "माझ्याशीही बोलत नाहीत हो. घरात दोन माणसं, आणि भांड्यांचाच काय तो आवाज. असंच राहिलं तर उरलेलं आयुष्य त्यांचं आतल्या खोलीत जाईल आणि माझं बाहेरच्या."

अण्णांनी खुंटीवरचे उपरणे घेतले आणि शिष्याला म्हणाले, "चल."

उतरताना शिष्याला वाटत होते, आज काहीतरी मोठे ऐकायला मिळणार. आसक्ती, त्याग, वानप्रस्थ असे शब्द त्याच्या मनात आधीच जमा होऊ लागले होते.

कमळाकर आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून आरामखुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली. अण्णांना पाहून ते उठले, नमस्कार केला आणि म्हणाले, "उपदेश करणार असाल तर आधी चहा घ्या, अण्णा. उपदेश थंड झाला तरी चालतो."

"उपदेश कसला? मी शंका घेऊन आलोय तुझ्याकडे," अण्णा खाली सतरंजीवर बसत म्हणाले. "तुझी जानकी जहाज ओढते, तेव्हा दोर कसा ताठ असतो. जहाज जागेवर आलं, काम झालं. मग तिने आपल्या वाटेने जावं की नाही? पण ती उलटी मागे सरकत जहाजाजवळ जाते. काम संपल्यावर जवळ कशाला जायचं?"

शिष्य खजील झाला. एवढा विद्वान माणूस, आणि एका दुःखी गृहस्थाच्या घरी येऊन बोटीच्या दोराची चौकशी करतो!

"इतकी वर्षं वरून बघताय आणि एवढंही ठाऊक नाही?" कमळाकर म्हणाले.

"विचारणार कुणाला? ह्याला? ह्याला तर पोहतासुद्धा येत नाही."

कमळाकर किंचित हसल्यासारखे झाले. मग कंटाळल्या स्वरात सांगू लागले, "अहो, दोराच्या टोकाला मोठा फास असतो. तो जहाजावरच्या लोखंडी खुंट्यात अडकवतात. दोरावर ताण असला, की चार माणसांनाही तो फास हलत नाही. टग जवळ गेला, दोर सैल पडला, की एकटा माणूस तो उचलून काढतो. म्हणून जवळ जायचं."

"आणि जवळ न जाताच निघालं तर?"

"नवे तांडेल हीच चूक करतात!" कमळाकर आता पुढे सरकून बोलत होते. "काम झालं, की त्यांना घराची घाई. तोंड फिरवतात आणि मशीनला जोर देतात. मशीन बोंबलत राहतं, धूर निघतो, पाणी घुसळतं. त्यांना वाटतं, आपण निघालो. आणि टग असतो जागच्या जागी! फार जोर केला तर दोर तुटतो. पण तुटलेला दोर, अण्णा, फटक्यासारखा मागे येतो. बाजूला जो उभा असेल, त्याला लागतो."

दारात सुलभाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. कमळाकरांचे लक्ष तिकडे गेले आणि ते बोलायचे थांबले.

अण्णांनी चहा प्यायला. मग म्हणाले, "ऐकून नाही कळलं मला. दाखव."

"मधू दाखवील."

"मधुकरला दम लागतो. आणि परवा जानकी गेली, की मग मला कोण दाखवणार?"

कमळाकरांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केले. अण्णा उठले नाहीत. शेवटी कमळाकरांनी पायांत चपला सरकवल्या.

बंदरावर खलाशी जानकीच्या सावलीत बसले होते. नाखवांना पाहून सगळे उभे राहिले, पण पुढे कोणी आले नाही. पांढऱ्या दाढीचे अब्बास तांडेल तेवढे म्हणाले, "या, नाखवा. आम्हाला वाटलं, बोटीबरोबर आम्हालाही विकलंत."

कमळाकरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "अब्बास, बार्जला दोर लाव. अण्णांना फास काढताना बघायचाय."

"ह्या वयात? भरती व्हायचंय काय, अण्णा?"

"पगार काय देशील?" अण्णांनी विचारले.

"दोन वेळचं जेवण आणि दिवसभर शिव्या."

खलाशी हसले. एका खलाशाला जानकीवर ठेवून अब्बास बाकीच्यांना, अण्णांना आणि शिष्याला घेऊन धक्क्याला बांधलेल्या बार्जवर चढले. खुंट्यात फास पडला. कमळाकर जानकीच्या केबिनमध्ये गेले, सुकाणूचे चाक त्यांनी हाती घेतले आणि टग हळूच पुढे निघाला. दोर पाण्यातून वर आला, निथळला, ताठ झाला.

"अगदी थोडाच जोर दिलाय नाखवांनी," अब्बास शिष्याला म्हणाले. "काढा बघू फास, पंडित."

शिष्याने दोन्ही हातांनी जोर लावला. त्याच्या तळव्यांना काथ्या बोचला, पण फास तसूभरही हलला नाही.

"बस, बाजूला या." अब्बास यांनी हात उंच करून इशारा केला.

जानकी मागे सरकू लागली. केबिनच्या मागच्या खिडकीतून कमळाकर वळून पाहत होते. मागे सरकताना तांडेलाला असे सतत पाहावेच लागते. क्षणाक्षणाला अंतर कमी होत गेले, आणि कमळाकरांना एकेक चेहरा स्पष्ट दिसू लागला असणार. इतके दिवस ते ज्यांना टाळत होते, तेच सारे चेहरे. टगवरचा खलाशी सैल पडणारा दोर हातांनी आत ओढून घेत होता, कारण तो पाण्यात पडून पंख्यात गेला तर बोट तिथेच अडकते. मग दोर पूर्ण झोळला. अब्बास यांनी वाकून, पाळण्यातले मूल उचलावे तसा तो फास उचलला आणि खाली दिला.

आता टगने निघायला हवे होते. पण जानकी बार्जला टेकून तशीच उभी राहिली. कमळाकर केबिनच्या बाहेर आले. त्यांच्यात आणि अब्बास यांच्यात आता हातभर अंतर होते.

"अब्बास," ते म्हणाले, "तुम्ही यायचात तेव्हा मी झोपलेला नसायचो."

"ठाऊक आहे. झोपलेला माणूस घोरतो, नाखवा. आणि तुमचं घोरणं अख्ख्या बंदराला ठाऊक आहे."

दोघेही हसले, आणि हसता हसताच अब्बास यांनी तोंड फिरवले. कमळाकरांनी हात पुढे करून त्यांचा खांदा धरला. 

जानकीला न्यायला माणसे आली, त्या दिवशी कमळाकर सर्वांच्या आधी बंदरावर हजर होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा. नव्या तांडेलाला त्यांनी स्वतः केबिनमध्ये नेले. "ही डावीकडे जरा जास्त ओढते. तिच्याशी भांडू नका, थोडी सूट द्या. आणि सकाळी मशीन लगेच उठत नाही. शिव्या देऊ नका, दुसऱ्यांदा उठते." मग एकेका खलाशाला नावाने हाक मारून त्याच्याशी बोलले. मधुकर बाजूला बसून डोळे पुसत होते.

जानकी बार्जला घेऊन खाडीबाहेर पडली. धूर दिसेनासा झाला. खलाशी एकेक करून पांगले. अब्बास लेकीच्या गावी राहायला जाणार होते, त्यांचीही गाडी आली. मधुकरही घरी परतले. धक्क्यावर आता कमळाकर एकटेच उरले. दिवसभर गजबजलेले ते बंदर इतके रिकामे कधी कोणी पाहिले नव्हते. मग सुलभाबाई हळूहळू चालत जाऊन त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या. कमळाकर पाण्याकडे हात करून त्यांना काहीतरी सांगू लागले. काय ते टेकडीच्या वाटेला लागलेल्या अण्णांना आणि शिष्याला ऐकू येत नव्हते, पण ते बोलत होते एवढे दिसत होते.

वाटेत शिष्याने विचारले, "अण्णा, आता त्यांना बरं वाटेल ना?"

"नाही रे. आता तर त्याला खरं एकटेपण कळेल. रोज सकाळी उठून कुठे जायचं, हे आता त्याला कुणी सांगणार नाही."

"मग आपण काय साधलं?"

अण्णा एका दगडावर टेकले. "बंदरापासून दूर राहिलं की ते आपोआप सुटेल, असं त्याला वाटलं. म्हणून तो दूर दूर जात राहिला, आणि दोर ताठ होत राहिला. खुर्चीत बसून तो दिवसभर ओढत होता, बाळा. लोकांना वाटलं, नाखवा स्वस्थ बसलेत. जे सोडायचं, त्याच्याजवळ एकदा जावं लागतं. त्याला हात लावावा लागतो. ज्यांच्याबरोबर आयुष्य काढलं, त्यांच्या तोंडाकडे बघावं लागतं. दुःख त्यानंतरही राहतं. पण मग ते मागे फिरून शेजारच्या माणसाला लागत नाही."

"मग हे तुम्ही त्यांना घरीच का नाही सांगितलंत?"

"मी काय सांगणार? ही त्याच्याच घराण्याची रीत. रोज जहाजांसाठी वापरत होता. स्वतःसाठी वापरायची, हे सुचलं नव्हतं इतकंच."

संध्याकाळी अण्णा नेहमीप्रमाणे ओट्यावर बसले. खाली खाडीत काहीच नव्हते. ज्या जागेवर त्यांची नजर इतकी वर्षे टेकत आली होती, तिथे नुसते पाणी होते. शिष्य पोथी घेऊन आपल्या जागी, पायरीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसू लागला.

"आज पोथी राहू दे," अण्णा म्हणाले. "आणि तिकडे नको. इथे, माझ्याजवळ बस. उद्यापासून रोजच इथे बसत जा."

शिष्याने चमकून त्यांच्याकडे पाहिले. उपरण्याखालचे ते खांदे किती लहान झाले होते!  अण्णांचेही दोर सोडायचे दिवस आलेत का, असा प्रश्न त्याच्या मनात आला, आणि त्याचे उत्तरही त्याला त्याच क्षणी कळले. 

तो उठला, आणि अण्णांना अगदी खेटून बसला.